पिठातले पाय

मेल्यावर माणसाचं काय होतं, या प्रश्नापुढे जगातल्या थोर थोर डोक्यांनी हजारो वर्षं झिजून शेवटी हात टेकले. आमच्या उंद्रीत या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मिळतं. त्याला अर्धा किलो गव्हाचं पीठ लागतं. पीठ चाळलेलं असावं, एवढीच अट आहे; कोंडा राहिला तर आत्म्याचा घोटाळा होतो.

रीत अशी. माणूस जिथं गेला ती जागा पुसून घ्यायची, तिच्यावर पीठ पसरायचं, बाजूला दक्षिणेकडे वात करून दिवा ठेवायचा आणि पिठावर टोपलं झाकायचं. सकाळी चार माणसांसमोर टोपलं उचललं की पिठात खूण दिसते. चिमणीचा पाय, गाईचा खूर, सापाची रेघ, जे दिसेल त्या जन्माला माणूस गेला. खूण वाचायचं काम शालूबाईंचं. शालूबाईंना दूरचं दिसत नाही आणि जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही, पण पिठातलं दिसतं. गेल्या साली कचरू गेला तेव्हा त्यांनी पिठात पाहून 'नाग' असं जाहीर केलं. ती रेघ पीठ पसरताना पडलेल्या वातीची होती. वात अजून तिथंच होती. पण कचरूचा स्वभाव पाहता कोणी हरकत घेतली नाही.

हे सगळं मी हसत सांगत असे. यंदाच्या चैत्रापर्यंत.

उत्तमराव माझे चुलत भाऊ, चार वर्षांनी मोठे. दोन वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडले आणि कंबरेखालचं शरीर त्यांना सोडून गेलं. पुढच्या खोलीत रस्ता दिसेल अशी खाट टाकली होती. रुखमाबाई, म्हणजे आमच्या वहिनी, दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायच्या. मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी करून घरी बसलेला माणूस. दुपारी त्यांच्याशेजारी जाऊन बसायचो. बोलणं एकाच विषयावर. मेहकरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, अकोल्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, आणि पाय कधी येणार.

त्या घरात तिसरं माणूस म्हणजे टिकली. मोताळ्याच्या बाजारात उत्तमराव शेळी घ्यायला गेले आणि हे पिल्लू घेऊन आले. आईकडून मोताळ्याची आणि बापाकडून पामेरियन, असा विकणाऱ्याचा दावा होता. उंची दीड वीत, पाठ लांबलचक, पाय आखूड, अंग पांढरं आणि कपाळावर काळा ठिपका. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. अंगणातून खोलीत, खोलीतून अंगणात, काही काम नसताना तालुक्याच्या पुढाऱ्यासारखी धावपळ.

उत्तमराव तिच्याकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "देख बे पुंज्या. एवढीशी पिद्दी, तिले चार. अन् मले एकबी नाही. वाटप कोनं केलं असंन हे?"

मी म्हणालो, "तिच्यापासून दोन उसने घ्या ना भाऊ."

माझ्या बोलण्यावर ते नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. शिंप्यानं गिऱ्हाइकाकडे पाहावं तसे टिकलीकडे पाहत राहिले.

चैत्रात एका मंगळवारी दुपारी ते गेले. शेवटच्या घटकेला त्यांना खाटेवरून भुईवर घेतलं होतं, त्याच फरशीवर संध्याकाळी वहिनींनी पीठ पसरलं. टोपल्यापाशी राखण बसायचं माझ्याकडे आलं. आत जाताना वहिनी दारात थांबल्या.

"भाऊजी, पाय असलेलं काईबी निंगो. मुंगीचं निंगलं तरी चालन. सापाचं तेवढं नोको."

मी म्हणालो, "निंगन वहिनी."

पहाटे फटफटलं तेव्हा मला राहवलं नाही. टोपल्याची एक कड उचलून मी आत पाहिलं. पीठ कोरं होतं. चिमणीही नाही, मुंगीही नाही. कोऱ्या पिठाचा अर्थ शालूबाईंच्या शास्त्रात फार वाईट: माणूस कुठेच गेला नाही, इथंच अडकला. आता या बाईला मी काय सांगू? दोन वर्षं जागचा न हललेला माणूस मेल्यावरही हलला नाही, असं?

टिकली खाटेखाली पोत्यावर झोपली होती. मी तिला पुढच्या पायांखाली धरून उचललं. मागचं धड खाली लोंबत होतं. उजवा पुढचा पंजा पिठात एकदा दाबला आणि वीतभर पुढे आणखी एकदा दाबला. तिनं बारीक आवाजात 'कुंई' केलं. मी तिचा पंजा रुमालानं पुसला, तिला पोत्यावर ठेवलं, टोपलं झाकलं आणि पुण्य केल्याच्या समाधानात भिंतीला टेकून बसलो.

सातला सगळे जमले. वहिनी, शालूबाई, पुण्याहून रातोरात आलेला मुलगा दीपक आणि मी. शालूबाईंनी चष्मा लावला आणि टोपलं उचललं.

मी दोन ठसे उमटवले होते. पिठात अकरा होते.

माझे दोन ओळखू येत होते. खोल, वेडेवाकडे, दाबून काढलेले. बाकीचे नऊ हलके होते, पुढच्या पायांचे आणि मागच्याही. पिठाच्या मधोमध सुरू होऊन दाराच्या दिशेनं गेलेले. पीठ संपलं तिथून पुढे काळ्या फरशीवर तीन पांढरे ठसे, शेवटचा उंबऱ्यावर. आत येणारा एकही नव्हता. टोपल्याशेजारून मी हललो नव्हतो, आणि झोपलोही नव्हतो. कंडक्टरला गाडीत झोपायची सवय नसते.

"कुत्र्याच्या जन्माले गेला माय," शालूबाई म्हणाल्या.

दीपक म्हणाला, "आई, टिकली फिरली असेल पिठावरून."

"टोपल्याखालून?" शालूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पुन्याचे कुत्रे जात असतीन बाबू टोपल्याखालून. इकडचे नाही जात."

वहिनींना दोघांच्या वादात रस नव्हता. "पन चालत गेले ना?" त्यांनी विचारलं.

"चालत काय, पळत गेला. हे अंतर देख ना, पावलापावलातलं."

आणि वहिनी कालपासून पहिल्यांदा रडल्या. दोन वर्षं आवरून धरलेलं असावं, असं रडल्या. मी छताकडे पाहत होतो. अकरातून दोन वजा केले की नऊ उरतात, हा हिशेब मी मनात चार-पाच वेळा करून पाहिला. दर वेळी नऊच उरत होते.

टिकलीनं काय केलं ते दाखवून द्यावं म्हणून दीपकनं तिला हाक मारली. "टिकले, ये इकडे. ये."

टिकली उठली. म्हणजे तिचा पुढचा अर्धा भाग उठला. मागचा उठला नाही. गाडी फलाटाला लागली, आपण उठलो आणि बरोबरचं माणूस का उठेना, अशा नजरेनं तिनं मागं वळून पाहिलं. मग पुढच्या दोन पायांनी ओढत ती हातभर आली. मागचे पाय फरशीवर ओल्या फडक्यासारखे घासत आले.

शालूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"घेऊन गेला," त्या म्हणाल्या.

काय घेऊन गेला, हे कोणी विचारलं नाही.

दीपकनं जनावरांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टर प्रसेनजित मूळचे मेहकरचे, वय तिशीचं, मोटरसायकलवर हिंडून म्हशी तपासणारा माणूस. एवढंसं जनावर पाहून त्यांनी आधी बॅग बदलली. टिकलीचा मागचा पंजा उलटा करून फरशीवर ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला. मग बोटाला चिमट्यानं दाबलं. डाव्या पायाला काही नाही. उजव्या पायाला खूप जोरात दाबल्यावर तिनं मान किंचित वळवली.

"मणक्यातली गादी सरकली असेल," ते म्हणाले. "लांब पाठीच्या कुत्र्यांत होतं असं. तिला खोक्यात ठेवा, हिंडू देऊ नका. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे. औषधं देतो. चार आठवड्यांत काही हललं तर हललं."

"अन् नाही हललं तं?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी चिमटा पुसला. "काकू, तिला कोणी बगलेत धरून उचललं होतं का? मागचं धड लोंबतं ठेवून?"

वहिनी म्हणाल्या, "नाही बाप्पा."

दीपक म्हणाला, "कालपासून तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं."

मी घसा खाकरला. अडकलेल्या माणसाला सोडवायला गेलो आणि कुत्री अडकवून आलो, हे चार लोकांत सांगायला जरा वेगळं धाडस लागतं.

डॉक्टर गेल्यावर वहिनींनी साबणाचा एक मोठा खोका रिकामा केला, त्यात गोधडी घातली आणि टिकलीला त्यात निजवलं. मग भिंतीवरच्या, आदल्याच दिवशी हार घातलेल्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, "मागाचं होतं ना मले. मी देल्ले असते माझे. ह्या मुक्या जिवाचे काऊन घेतले?"

दहाव्याला आम्ही ओढ्यावर गेलो. पिंडाला कावळा शिवायचा म्हणजे आमच्याकडे तासतास जातात. मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते आठवून आठवून लोक वचनं देतात. बांध घालून देऊ, पोरीचं लग्न करू, ट्रॅक्टर विकणार नाही. मी त्या तयारीनं छत्री आणि पाण्याची बाटली नेली होती. दीपकनं पिंड ठेवून हात मागे घेतला नव्हता, तेवढ्यात कावळा शिवला.

"पुण्यवान माणूस," भटजी म्हणाले. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. "कसली म्हणून इच्छा मागे उरली नाही."

घरी येऊन वहिनींना हे सांगितलं. त्या टिकलीच्या पोटाखालून टॉवेल घालून तिला अंगणात उभी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कशी उरंन? पाह्यजे ते घेऊन गेले ना."

तेरावं झालं, दीपक पुण्याला गेला आणि दुपारी आवाज सुरू झाले.

पहिल्यांदा वहिनींनी सांगितलं तेव्हा मी उन्हाला दोष दिला. वैशाखात आमच्याकडे दुपारी दोन वाजता गावात कोणी नसतं. दारं लावलेली, म्हशीसुद्धा डोळे मिटून. डोक्यात काहीही वाजू शकतं. पण दुसऱ्या दिवशी मी तिथं बसलो असताना ते वाजलं. फरशीवर नखं. टक टक टक टक. उत्तमराव गेले त्या जागेवरून दारापर्यंत, बारीक, भरभर. उंबऱ्याशी क्षणभर थांबणं. मग अंगणातल्या मातीत आवाज बुडाला.

खोलीत काही नव्हतं. टिकली खोक्यात होती. तिचे कान ताठ होते आणि आवाज जसा पुढं सरकला तशी तिची मान त्याच्याबरोबर दारापर्यंत वळत गेली. शेपूट हलत होती. कंबरेपासून मागचं सगळं मेलेलं होतं, तरी शेपूट तेवढी हलत होती. घरातलं माणूस फिरायला निघाल्यावर कुत्रं हलवतं तशी.

मी अंगणात गेलो. वहिनींनी नुकतंच पाणी शिंपडलं होतं. ओल्या मातीत फाटकापर्यंत छोटे छोटे ठसे गेले होते.

"पाह्यलं?" वहिनी मागून म्हणाल्या.

"शेजारचं कुत्रं आलं असंन."

"हाव. घरातून निंगालं अन् शेजारचं होतं."

तासाभरानं नखं परत आली. टक टक टक टक, उंबऱ्यावरून त्याच जागेपर्यंत. आणि थांबली.

हे रोज व्हायला लागलं. रोज जाणं, रोज येणं, वेळेवर. आमच्या महामंडळाला हे कधी जमलं नाही. ठसे कधी पानठेल्याकडे जायचे, कधी स्टँडकडे. राहिलेली कामं उरकणाऱ्या माणसासारखे. एक दिवस निवृत्ती भेटला. निवृत्ती म्हणजे उत्तमरावांचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर करणारा माणूस. भोळा आणि मोठ्यानं बोलणारा.

"काका, टिकली बरी झाली वाटते!" तो सायकलवरून ओरडला. "रोज दुपारी वावरात येऊन राह्यली."

"तू पाह्यली?"

"तिले नाही पाह्यली. पन पाय दिसतेत ना. इहिरीला चक्कर मारते, मंग बांधावरच्या एकेका निंबापाशी थांबते. सगळ्या झाडायपाशी, एकबी सोडत नाही. जशे उत्तमबाबा करत."

"चांगलं हाये," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

इकडे टिकली बरी होत नव्हती. वहिनी तिला औषध गुळातून द्यायच्या, पोटाखाली टॉवेल घालून चालवायच्या, रात्रंदिवस चार-चार तासांनी कूस बदलायच्या. त्या कामात त्यांचा हात बसलेलाच होता. चौथ्या आठवड्यात डॉक्टर प्रसेनजित आले, तेव्हा उजव्या पायाची ती किंचित जाणीवही गेली होती. त्यांनी तिसऱ्यांदा दाबून पाहिलं. टिकली त्यांच्याकडे सौजन्यानं बघत होती.

त्याच संध्याकाळी दीपकचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी समोर होतो.

"आई, मी रविवारी गाडी घेऊन येतो. तू चल पुण्याला, एकटी नको राहू तिथं. पण टिकली अशी नाही ना नेता येणार. तिसरा मजला आहे. अन् तिचेच हाल आहेत. मी डॉक्टरांशी बोललो. रविवारी संध्याकाळी येऊन ते एकदा तपासतील, आणि काही सुधारणा नसेल तर एक इंजेक्शन असतं. तिला कळणारही नाही."

"तिले नाही कळन," वहिनी म्हणाल्या. "मले कळन ना."

फोन ठेवून त्या खोक्यापाशी बसल्या. टिकलीनं त्यांचा अंगठा चाटायला घेतला. मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर आलो. एक शब्द बोललो असतो तर निदान बाई नवऱ्याला दोष देत बसली नसती. पण तो शब्द महिनाभर जुना झाला होता, आणि जुना झाल्यावर असे शब्द फार जड होतात.

रविवारी दुपारी अडीचला वहिनींचा निरोप आला. गेलो तर पुढच्या खोलीत, त्याच फरशीवर, त्या पीठ पसरत होत्या. चाळून.

"वहिनी, ही रीत रातची हाये."

"ते येतेत दुपारी. रातचं करून काय करू?" त्यांनी पीठ तळहातानं सपाट केलं, टोपलं झाकलं आणि दार सताड उघडं ठेवलं. "आज त्यायच्याशी बोलाचं हाये. तुमी बसा तिकडे, भिताडाले टेकून. तुमचं आयकत होते ते."

मी पिठाच्या पलीकडे भिंतीला टेकून, पाय पसरून बसलो. टिकलीचा खोका वहिनींनी स्वतःजवळ ओढला. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की अंगण दिसत नव्हतं. नखं आधीच बाहेर गेली होती. परत यायची वेळ व्हायची होती. त्या शांततेत माझ्याच्यानं राहवलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी पीठ कोरं होतं. पह्यले दोन ठसे मी उमटवले. टिकलीले धरून. बगलेत धरून उचललं होतं मी तिले."

वहिनी टिकलीच्या कानावरून हात फिरवत राहिल्या.

"माहीत हाये."

"माहीत हाये?"

"दोनी उजव्या पायाचे होते, एकापुढं एक. कुत्रं काय लंगडी खेयत होतं काय भाऊजी?"

मला हसू येणार होतं. पण आलं नाही.

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"माह्यासाठी केलं तुमी, मले समजत नाही काय? अन् बाकीचे तं तुमचे नव्हते." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी दोन पावलं वाट दाखवली, पुढं ते गेले. तुमच्याच बोलन्यात होते ते पह्यलेपासून. दोन उसने घ्या म्हने. मी चुलीपाशी होती तवा, आयकू येत होतं मले."

फाटक वाजलं नाही, पण मातीत काही सरकल्यासारखं झालं. उंबरा. मग फरशी. टक टक टक टक. टिकलीची मान वळत वळत आत आली.

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला, नवरा आल्यावर घ्यायच्या तसा, आणि बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही.

"अवो, आयकून राह्यले का? महिना झाला. वावर पाह्यलं, ठेला पाह्यला, एकेक झाड पाह्यलं. मी काई म्हनलं? नाही म्हनलं. दोन सालं तुमाले इकडून तिकडे केलं, तवाबी काई म्हनलं नाही. पन आता पोरगा येऊन राह्यला अन् डाक्टर इंजेक्शन आनून राह्यला. ह्या पोरीचे पाय हिले देऊन टाका. आजच्या आज." त्या थोड्या थांबल्या. "अन् मोठं मानूस, कुत्रीचे पाय घालून गावात हिंडता, शोभते काय तुमाले? लागतच असतीन पाय, तं कोनाचे आपल्या मापाचे पाहा."

नखं टोपल्यापाशी थांबली.

खोलीत उत्तमरावांच्या मापाचे पाय दोनच होते. ते मी पिठाच्या दिशेनं पसरून बसलो होतो.

मी पाय जवळ घ्यायचं ठरवलं. ठरवलं एवढंच आठवतं. टोपलं हललं नाही. दिव्याची वात हलली नाही, कारण दिवा लावलेलाच नव्हता. टिकलीची शेपूट मात्र थांबली, आणि गार पाणी पडल्यासारखी तिच्या अंगातून एक शिरशिरी गेली, नाकापासून निघालेली, पाठीवरून, कंबरेवरून, थेट मागच्या नखांपर्यंत.

मग ती उठली. सगळी उठली.

मागचे पाय लटपटत होते, एकमेकांत अडकत होते, पण फरशीवर पंजे सुलटे पडत होते. खोक्याच्या कडेवरून ती घसरत बाहेर आली. वहिनींनी दोन्ही हात पुढं केले, पण धरलं नाही. तोंडावर पदर दाबून त्या बघत राहिल्या. टिकली पडली, उठली, पुन्हा चार पावलं चालली.

वहिनींनी टोपलं उचललं.

दाराकडून कुत्र्याचे ठसे पिठात आले होते, हलके, नेहमीसारखे. मध्यावर ते संपत होते. तिथून पुढे, माझ्या बाजूला, माणसाचं एक पाऊल होतं. डावं. करंगळी बाहेरच्या बाजूला मोडलेली. बसच्या दारात सापडलेली करंगळी नीट न बसता जुळली की अशी होते. उत्तमरावांची करंगळी धड होती. मोडलेली माझी आहे.

मी त्या पिठाला पाय लावला नव्हता. माझ्या तळव्याला पीठही नव्हतं. मी वाकून पाहिलं.

टिकली पिठाला वळसा घालून माझ्याकडे आली. तिनं पुढचे दोन्ही पंजे माझ्या डाव्या पायावर ठेवले, वास घेतला, मग मागचेही ठेवले आणि त्या पायावर चारही पंजांनी उभी राहिली. तिच्या नखांनी बोटांवरची कातडी दबलेली मला दिसत होती. दिसत होती, एवढंच.

अंगणात कोणीतरी चालत होतं. नखांचा आवाज नव्हता. अनवाणी तळवे, सावकाश, डाव्या पायावर जरासा भार कमी देऊन. करंगळी मोडल्यापासून मी तसाच चालतो. पावलं फाटकापाशी थांबली नाहीत. वावराच्या रस्त्याला लागली.

वहिनींनी पिठातल्या पावलाकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे पाहिलं. मग पुन्हा पिठाकडे, तागडीतलं माप तपासावं तसं.

"वहिनी," मी म्हणालो, "मले उठता येऊन नाही राह्यलं."

टिकलीला त्यांनी दोन हातांनी, एक छातीखाली, एक मागे, अलगद उचलून खाली ठेवलं. ती लगेच दाराकडे धावत सुटली आणि उंबऱ्यात कोलमडली आणि पुन्हा धावली. वहिनी तिच्याकडे पाहून हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग आत गेल्या, आणि सुपात काहीतरी घेऊन परत आल्या.

"येतीन घंट्याभरात. रोज येतेत," त्या म्हणाल्या, आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "तोवर बसलेच हा तं एवढा लसून सोलून द्या. दीपक जेवाले येऊन राह्यला."